दुखतंय तुम्हाला, घोर मला अण्णांचा

पत्र थोडक्यात असं:

«डॉक्टरताई, मी ३६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, पहिल्या वेळी टाके पडले होते. तीन महिन्यांपासून मूळव्याधीने हैराण आहे. संडासला बसलं की काच फिरल्यासारखं होतं आणि पुढे दोन-तीन तास नुसती आग. वर्गात खुर्चीवर बसवत नाही, दिवसभर उभ्याने शिकवते. धुताना हाताला थोडं रक्त लागतं, मागच्या बाजूला एक कोंबही लागतो. मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, गुण नाही. हिमोग्लोबिन ९.४ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात, तालुक्याला स्टँडमागे एक जण इंजेक्शन देऊन कोंब पाडतो, ऑपरेशन लागत नाही. आमच्याकडचे सर्जन पुरुष, दाखवायची लाज वाटते. आमच्या घरात हे आहेच म्हणा. सासरे, अण्णा, ६३ वर्षांचे. त्यांना वर्षभर रक्त पडतंय, पण दुखत नाही म्हणून ते मनावर घेत नाहीत. दिवसातून तीनदा जातात, चिकट पडतं म्हणतात, जरा वाळलेत. सुरण आणि ताक चालू आहे. मी इंजेक्शन घेऊ का? तिखट कायमचं सोडू का?»

बाई,

(शाळेत सगळे तुम्हाला बाईच म्हणत असतील, मीही तेच म्हणते.) इंजेक्शन घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं सासूबाईंना आजच सांगून टाका.

«आमच्या घरात हे आहेच» वाचून हसू आलं. सुनेला सासऱ्यांकडून दागिना मिळेल, मूळव्याध कशी मिळेल? शिवाय तुम्हा दोघांचं दुखणं एक आहे असं मला वाटत नाही. तुमची मूळव्याध बहुतेक मूळव्याध नाहीच, आणि अण्णांची मूळव्याधच आहे असं मी तपासल्याशिवाय मानणार नाही.

आपल्याकडे त्या जागी काहीही झालं तरी नाव एकच. चीर पडली, मूळव्याध. गळू झालं, मूळव्याध. खाज सुटली, तीही मूळव्याध. जुने लोक याबाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होते. सुश्रुतसंहितेत अर्श (म्हणजे मूळव्याध) आणि भगंदर (त्या जागेजवळचा पू वाहणारा बोगदा) यांना निदानस्थानात वेगवेगळे अध्याय आहेत. आपण मात्र मेडिकलच्या काउंटरवर हळूच «मूळव्याधीची ट्यूब द्या» म्हणतो, आणि काउंटरवरचा मुलगाही नजर न मिळवता ती कागदात गुंडाळून देतो.

तुम्हाला काय झालं असावं ते सांगते. गुदद्वाराची नळी जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची. तिच्या साधारण मध्यावर आतून एक दातेरी रेघ असते. रेघेच्या खालची कातडी बोटाच्या टोकाइतकी हळवी. रेघेच्या वर आतड्याचं अस्तर सुरू होतं, तिथे चिमटा काढला तरी माणसाला फारसं कळत नाही. आतली मूळव्याध म्हणजे रेघेच्या वरच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाद्या फुगणं. या गाद्या सगळ्यांनाच असतात. कुंथून कुंथून त्या सुजतात आणि खाली सरकतात. म्हणून तिथून लालभडक रक्त थेंबथेंब पडतं, कधी पिचकारी उडून भांडं लाल होतं, आणि माणसाला दुखत मात्र नाही. फिशर म्हणजे रेघेच्या खालच्या कातडीला पडलेली चीर. थंडीत ओठ उलतो ना, तशी. रक्त थोडंसंच, पण जीव जातो. «काच फिरल्यासारखं» हे शब्द मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलेत की ते ऐकले की माझा पहिला अंदाज फिशरचाच असतो.

याला एक अपवाद आहे. गुदद्वाराच्या बाहेर एका रात्रीत निळसर, टणक गाठ येते आणि बसणं मुश्कील होतं. ती बाहेरची मूळव्याध, आत रक्त गोठलेली. पहिल्या दोन-तीन दिवसांत दाखवलं तर जागा बधिर करून काढता येते. नंतर ती आपोआप ओसरत जाते. तुमचं तसं दिसत नाही.

आता तो कोंब. चीर जुनी झाली की तिच्या बाहेरच्या टोकाला कातडीची एक घडी वाढते, दारावरच्या पहारेकऱ्यासारखी. तो पहारेकरी पाडला म्हणून आतली चीर भरत नाही. स्टँडमागचा माणूस पाडणार आहे तो हाच.

चीर पडली तर ती भरत का नाही? हाताला कापलं तर आठवड्यात भरतं. इथे नळीभोवती स्नायूची एक कडी आहे आणि तिचं आवळणं-सुटणं आपल्या हातात नसतं. चीर दुखली की ती कडी आवळते. आवळली की त्या जागी रक्त कमी पोचतं, आणि रक्त नाही म्हटल्यावर जखम भरणार कशी? दुसऱ्या दिवशी दुखण्याच्या धास्तीने माणूस जायचं टाळतो. मोठं आतडं पाणी शोषत बसतं, खडा होतो, आणि तो खडा त्याच चिरेतून बाहेर पडतो. तुमची ती दोन-तीन तासांची आग चिरेची कमी आणि आवळलेल्या स्नायूची जास्त.

तुम्ही लिहिलेलं नाही, तरी अंदाज करते. सकाळी नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी अर्धी भरलेलीच घरी येते. शाळेतल्या संडासाची कडी लागत नाही, किंवा नळाला पाणी नसतं, किंवा दाराबाहेर चौथीची पोरं उभी असतात. सकाळी चहानंतर जी कळ येते तेव्हा तुम्ही डबे भरत असता. ती कळ एकदा परतवली की दिवसभर पुन्हा येत नाही. माझ्याकडे शिक्षिका, एस.टी.तल्या कंडक्टर बाई, अंगणवाडीच्या ताई येतात, त्या बहुतेकींची गोष्ट अशीच असते. त्यात तुमच्या लोहाच्या गोळ्या. त्यांनी मलावरोध होतो. गोळ्या मनाने बंद करू नका, ९.४ ला त्यांची गरज आहे. पण ज्यांनी दिल्या त्यांना विचारा, प्रकार बदलून किंवा एक दिवसाआड घेऊन चालेल का. (गोळ्यांनी शौच काळसर होते, त्याला घाबरायचं कारण नाही.)

आता उपाय. पहिलं काम शौच मऊ करायचं, पिकल्या केळ्याइतकी. इसबगोलाचा भुसा रात्री दोन चमचे, मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, वर आणखी पेलाभर पाणी. पाणी कमी पडलं तर तोच भुसा आत घट्ट बसतो, मग लोक म्हणतात इसबगोल मला मानवत नाही. लोहाची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, सालीसकट पेरू एवढं रोज असेल तर तो बराचसा जेवणातूनच जातो. एकदम वाढवू नका, पोट फुगून वर्गात पंचाईत होईल. खडा फारच असेल तर डॉक्टर लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध देतील. एरंडेल रोज नको.

दुसरं, कोमट पाण्यात बसणं. बूड टेकेल एवढं रुंद घमेलं किंवा प्लास्टिकचा टब, कोपराला सोसेल इतकं कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं. शौचाहून आल्यावर आणि रात्री झोपताना. त्यात डेटॉल टाकू नका, तुरटी नको, उलट आग वाढते. काम पाण्याच्या उबेचं आहे, ऊब लागली की ती आवळलेली कडी सैल होते.

तिसरं मलम. तुम्ही आणलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. त्यात बहुधा बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड असेल. चार दिवस ठीक, महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ पडते. फिशरचं खरं मलम म्हणजे स्नायू सैल करणारं: २ टक्के डिल्टियाझेम, किंवा नायट्रोग्लिसरिन. दुसऱ्याने काही जणांचं डोकं फार दुखतं, म्हणून मी बहुतेकदा पहिलं देते. तपासून डॉक्टरांनीच लिहून द्यायचं, आणि वाटाण्याएवढं, दिवसातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे लावायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. दहा दिवसांत आग थांबते, ट्यूब फ्रिजच्या दारात पडून राहते, आणि दोन महिन्यांनी बाई पुन्हा माझ्या दारात. चीर तेव्हा वरवर मिटलेली असते, भरलेली नसते.

तिखट? तिखटाने फिशर होत नाही, पण ते पुरतं पचतही नाही, जाताना चिरेला झोंबतं. हे दोन महिने हात आखडता घ्या. ठेचा कायमचा सोडायला सांगणारी मी कोण!

संडासात मोबाइल नेऊ नका. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या. पाच मिनिटांत नाही झालं तर उठा, कुंथत बसू नका.

एवढं करून आठ आठवड्यांत बरं वाटलं नाही तर आवळलेल्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात (तेच, चेहऱ्याच्या सुरकुत्यांचं), किंवा त्या स्नायूचा थोडा भाग छोट्या ऑपरेशनने कापतात. हे ऑपरेशन दहात नऊपेक्षा जास्त वेळा गुण देतं. पाटीवर «लेझर» असो नसो, करायचं काम तेच. पण सर्जनला एक गोष्ट आठवणीने सांगा, पहिल्या बाळंतपणात टाके पडल्याची. बायकांमध्ये पुढच्या बाजूला हा स्नायू मुळातच तोकडा, त्यात बाळंतपणात तो फाटलेला असेल तर आणखी कापल्यावर वायू आवरत नाही असं होऊ शकतं. सर्जन मग हात राखून कापतील किंवा आधी बोटॉक्स सुचवतील. तुम्ही हे पत्रात आपणहून लिहिलंत, फार बरं केलंत.

तपासणीची लाज वाटते म्हणता. तिथे काय होतं ते आधीच सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. खोलीत नर्स किंवा तुमच्या सासूबाई असायला हव्यात. नसतील तर मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. डाव्या कुशीवर झोपायचं, तोंड भिंतीकडे, गुडघे पोटाशी. अंगावर चादर. सलवार वीतभर खाली, बस्स. डॉक्टर हातमोजे घालून दोन्ही बाजू हळूच फाकवतात आणि तुम्हाला श्वास सोडायला सांगतात. चीर तिथेच, बहुतेक वेळा माकडहाडाच्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना दिसते. फार दुखत असेल तर शहाणा डॉक्टर त्या दिवशी बोट घालतच नाही, तपासायची नळी तर नाहीच. औषध देऊन दोन-तीन आठवड्यांनी बोलावतो. चीर कडेला, भलत्याच जागी असेल तर मात्र क्षयरोग किंवा आतड्याचा दुसरा आजार शोधावा लागतो. सगळं मिळून दोन मिनिटं. आणि खरं सांगू का, त्या दोन मिनिटांत आम्हाला चीर दिसते, माणूस दिसत नाही. संध्याकाळी भाजीबाजारात तुम्ही समोर आलात तर आम्ही ओळखणारही नाही.

स्टँडमागच्या इंजेक्शनबद्दल. चार वर्षांपूर्वी एक शेतकरी बाई आल्या होत्या. पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली, आत वाळलेला कातडीचा तुकडा. «पडला बघा कोंब, सात हजार दिले. पण आता जायलाच होत नाही.» त्यांना फिशरच असणार, पडला तो पहारेकरी. कसल्याशा जाळणाऱ्या औषधाने भोवतालची कातडी करपून आकसली होती, माझी करंगळीही आत जाईना. दोन ऑपरेशनं झाली तेव्हा त्यांची सुटका झाली. मूळव्याधीत खरीखुरी इंजेक्शनं देतात, ती दातेरी रेघेच्या वर, पाहून आणि मोजून. तुमच्या चिरेला त्यांचा काही उपयोग नाही.

याचा अर्थ मी आयुर्वेदाला नावं ठेवते असा करू नका. भगंदर झालं, म्हणजे गुदद्वाराजवळच्या गळवाने आतून बाहेर बोगदा पाडला आणि त्यातून पू येत राहिला, तर क्षारसूत्र हा चांगला उपाय आहे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर चढवलेला दोरा त्या बोगद्यातून ओवायचा आणि ठरावीक दिवसांनी बदलायचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी तुलना करून १९९१ साली निष्कर्ष छापले. जखम भरायला दोऱ्याला जास्त दिवस लागले, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण त्यात कमी होतं. हे काम पदवी घेतलेल्या शल्यतज्ज्ञ वैद्याचं आहे. पाटीवर नाव नसलेल्या माणसाचं नव्हे.

आता अण्णा. खरं तर पत्र वाचून मला घोर लागला तो त्यांचा.

तुम्ही त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्यात, त्याही ओघात. ६३ वय, वर्षभर रक्त, दिवसातून तीनदा जाणं, चिकट पडणं, वजन उतरणं. आणि दुखत नाही, म्हणून घरात सगळे निर्धास्त. ती दातेरी रेघ आठवा. तिच्या वरचं काहीच सहसा दुखत नाही, मूळव्याधही नाही आणि गुदाशयातली, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली, गाठही नाही. कॅन्सरची गाठ दुखायला लागेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. मूळव्याधीने माणूस वाळत नाही, तिने जाण्याच्या वेळा बदलत नाहीत. गाठ मात्र आतून अडते, म्हणून सारखं जावंसं वाटतं, गेलं की थोडं चिकट आणि रक्त पडतं, आणि साफ झाल्यासारखं वाटतच नाही. अण्णांना हे शेवटचं होतं का, विचारा.

घाबरवायला लिहीत नाही. असेल साधी मूळव्याधच, किंवा आतड्याची सूज. मूळव्याध निघाली तर बऱ्याचदा ओपीडीतच तिच्या मुळाशी रबराचा बँड बसवतात, आठवड्याभरात ती गळून पडते. बाहेरच राहणारी मोठी असेल तर ऑपरेशन. पण मूळव्याध दिसली म्हणून शोध तिथेच थांबवायचा नाही, कारण मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला असू शकते. त्यांचं हिमोग्लोबिन तपासा. तुमचं ९.४ पाळीवर ढकलता येतं. साठीच्या पुरुषाचं कमी आलं तर रक्त कुठून जातंय ते पोटात आणि आतड्यात शोधावंच लागतं.

सर्जनने बोटाने तपासलंच पाहिजे. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही, आणि न केल्यामुळे इतकं नुकसान करणारीही नाही. बाकावर बसून लक्षणं ऐकून चिठ्ठी लिहून देणारे भेटले तर उठून दुसरीकडे जा. त्यानंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ करणारी पावडर पाण्यातून. ती रात्र संडासाच्या वाऱ्या करण्यात जाते, तेवढंच काय ते अवघड. तपासणी गुंगीचं औषध देऊन होते, साधारण अर्धा तास. आत मोड (पॉलिप, आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ) सापडला तर त्याच वेळी काढता येतो. आतड्याचे बहुतेक कॅन्सर अशा मोडातूनच, वर्षानुवर्षांनी वाढत आलेले असतात. गाठ दिसली तर तुकडा घेऊन तपासायला पाठवतात. कॅन्सर निघालाच तर उपचार आहेत, लवकर सापडला तर बरा होतो, प्रत्येकाला पोटावर पिशवी लागत नाही, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार बसतात. हे सगळं पुढचं. आधी तपासणी, येत्या आठवड्यात. सुरण भाजी म्हणून खाऊ द्या, औषध म्हणून त्याला एक वर्ष दिलं, पुष्कळ झालं.

सुनेने हा विषय सासऱ्यांपुढे काढणं अवघड, मला कळतं. तुमच्या यजमानांना सांगा. त्यांनाही जमणार नसेल तर त्यांनी बोलू नये, नुसतं बरोबर जावं आणि डॉक्टरांपुढे एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यात लिहा: वय ६३. एक वर्ष शौचावाटे रक्त, न दुखता. दिवसातून तीनदा जावं लागतं, चिकट पडतं. वजन उतरलंय. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, तेही. कोलोनोस्कोपी हवी का, हा प्रश्न शेवटी.

आणि त्या चिठ्ठीत मूळव्याध हा शब्द कुठेही लिहू नका.